डाव्या पायाची रेघ

सतरा वर्षं व्यावसायिक आइस हॉकी खेळून लाइल काल निवृत्त झाला, आणि आज सकाळी गावच्या बर्फाच्या रिंकवर एकटाच स्केटिंग करून गेला. त्याच्यामागून बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र घेऊन म्हातारा ओरेस्ट आला आणि जागीच थबकला. या गोलपासून त्या गोलपर्यंत बर्फावर डाव्या पायाच्या स्केटची एकच रेघ होती, उजव्याची कुठेच नाही. तीनदा ऑपरेशन झालेल्या त्याच डाव्या गुडघ्यावर पठ्ठ्याने सबंध रिंक पार केला होता, आणि रेघ कुठे केसभरही थरथरली नव्हती.

"अहो ओरेस्ट, पोरींची प्रॅक्टिस नऊला आहे! फिरवा की यंत्र!" कॉफीवाली डोरीन ओरडली.

"गप गं जरा!" ओरेस्टने टोपी काढली. "हा लहान होता तेव्हापासून याच्या रेघा पुसत आलो. बघितली एकही नाही."