कानाची खूण

राणी आयुष्यात एकदाच मोठं खोटं बोलली, आणि तेही भावकीतल्या शहाण्यासुरत्यांच्या सांगण्यावरून. आपल्याकडे माणूस गेला तर लांबच्या लेकराला ‘गेला’ म्हणून कुणी कळवत नाही. ‘लय आजारी हाय, निघून ये’ एवढंच म्हणायचं. वाटेत धसका घेऊन पोरगं कुठं पडलं-बिडलं तर काय घ्या! तिची आई रंगूबाई सत्त्याण्णव साली आटपाडीत गेली, तेव्हा धाकटा भाऊ बिरू हैदराबादेत नोकरीला होता. राणीनं बूथवरून फोन लावला. त्यानं पलीकडून विचारलं, “आई हाय न्हवं? शपथ?” पाठीशी चार म्हातारे उभे होते. राणी म्हणाली, “शपथ. तुझीच वाट बघतीया.”

बिरू दोन गाड्या बदलून आला, तो हातात मोसंब्यांची पिशवी घेऊनच. आईची माती होऊन तिसरा दिवस उजाडला होता. माणसं राख सावडायला निघाली होती, त्यांच्यामागून तो पिशवी खाली न ठेवता चालत गेला. भांडला नाही, ओरडला नाही. परत जाताना तेवढं म्हणाला, “राणे, साऱ्या वाटंनं म्या आईसंगट मनात बोलत आलो. ती ऐकतीया आसं वाटत हुतं मला.” ते बोलणं राणीच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

पुढं नव्याण्णव साली बिरू अमेरिकेला गेला. सन दोन हजार उजाडलं की जगातली कॉम्प्युटरं तारखेचा घोळ घालणार, असा तेव्हा मोठा बोभाटा होता, आणि तो घोळ निस्तरायला आपल्याकडची पोरं विमानं भरभरून चालली होती. मेंढरांमागं फिरलेल्या धनगराचं पोरगं त्यात होतं, याचं आटपाडीला केवढं अप्रूप! बिरूनं तिथून पहिलं पत्र राणीला लिहिलं. ती सांगलीत प्राथमिक शाळेत शिकवायची, नवरा फौजेत आसामला. पत्रात लिहिलं होतं: “सांगलीत सायबर कॅफे निघालेत म्हणं. तिथं जा आणि मेसेंजरवर नाव नोंदव. म्या हितं लिव्हलं की तुला तिथं त्याच घटकेला दिसंल. आता तार न्हाई, बूथ न्हाई, मधी म्हातारी माणसं न्हाईत. म्या इचारीन, तू खरं ते सांगशील.”

शेवटचं वाक्य राणीनं तीनदा वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर कॅफे गाठला. कॅफे कसला, झेरॉक्सच्या दुकानामागं पडदे लावून पाडलेली चार खोपटी. मालक दिग्विजय, पंचविशीतला हुशार गडी, स्वतःही हे सगळं नवंनवंच शिकत होता. पण गिऱ्हाइकापुढं आव मात्र जन्मापासून हेच करतोय असा. फोनची लाइन जोडताना यंत्र असं केकाटायचं की राणीनं पहिल्या दिवशी कानांवर हात घेतले. मग पडद्यावर नावं आली. “ह्ये पिवळं हसरं तोंड दिसतंय न्हवं मॅडम? म्हंजे माणूस तिकडं बसलाय. काळवंडलं की समजायचं, उठून गेला.”

बिरूचं तोंड पिवळं झालं तशी राणी खुर्ची पुढं ओढून बसली. एका बोटानं इंग्रजी अक्षरं हुडकत तिनं मराठी लिहिलं: ‘चिरंजीव बिरूस अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की...’ पलीकडून लगेच आलं: ‘राणे, आगं ह्ये पत्र न्हाई! नुसती बोल की.’ ती एकटीच खुदकन हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. दिग्विजय शहाणा, तो पडद्याकडं पाठ करून उभा राहिला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठला राणी कॅफेत. तिकडं तेव्हा शनिवारची रात्र असायची. दिवाळीला त्यांचे वडील धुळाआबा आटपाडीहून आले, तेव्हा त्यांनाही तिनं नेलं. खांद्यावर घोंगडं, डोक्याला पटका. आबा त्या चिमुकल्या खुर्चीत अंग चोरून बसले. अक्षरं उमटत गेली तशी राणी वाचून दाखवू लागली. आबांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, “ह्येच्यात त्याचा आवाज ईत न्हाई?”

“न्हाई आबा. नुसती अक्षरं येत्यात.”

“मग ह्यो बिरूच कशावरनं?”

आबा म्हणाले, “आमी कळपात आलेलं मेंढरू आधी कान उचलून बघतो. ज्याच्या त्याच्या मेंढराच्या कानाला ज्याची त्याची कातर आसती. खूण पटल्याबिगर आपलं म्हणायचं न्हाई. त्याला इचार, आपल्या काळ्या कुत्र्याचं नाव काय?”

राणीनं विचारलं. उत्तर आलं: ‘वाघ्या न्हवं, टिप्या! आबांनीच म्हटलं आसंल ह्ये, दुसरं कोण इचारतंय!’ आबा एवढे खूश झाले की त्यांनी पडद्यावरून हात फिरवला. आता त्यांची खात्री पटली होती. काचेवर उठलेली बोटं दिग्विजयनं ते गेल्यावरच पुसली.

डिसेंबरात, एका शनिवारी, आबा विहिरीवरून येता येता पडले. जीपमध्ये घालून त्यांना सांगलीला दवाखान्यात आणलं. उजवं अंग गेलं होतं, वाचा बसली होती. डॉक्टर म्हणाले, “आठ-दहा दिवस निघाले तर निघाले. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.”

राणीनं बूथवरून अमेरिकेला फोन लावला, तर एक यंत्र इंग्रजीत काहीतरी बोललं आणि गप्प झालं. रविवारी सकाळी आठच्या आधीच ती कॅफेच्या दाराशी उभी होती. बिरूचं तोंड पिवळं होतं. तिनं लिहिलं: ‘बिरू, आबा लय आजारी हायती. निघून ये. तुझी वाट बघत्यात.’

पाठवून झाल्यावर तिनं ते पुन्हा वाचलं. हे तर तेच! आईच्या वेळी बूथवर उभी राहून जे बोलली, तेच शब्द. पण खरं सांगायला दुसरे शब्द आणायचे कुठून?

पलीकडून एकेक ओळ आली.

‘राणे, खरं सांग. आबा हायती का गेले?’

‘हायती. शपथ.’

‘शपथ तवाबी घेतली हुतीस.’

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बिरूला दोष कसा द्यायचा? राणी रडत रडत बोटं आपटत राहिली, ‘बिरू खरंच, बिरू खरंच’ असं लिहीत राहिली. पण पडद्यावर रडणारीची अक्षरं आणि खोटं बोलणारीची अक्षरं सारखीच दिसतात. शेवटी त्यानं लिहिलं: ‘हितं एकतीस तारखेपातुर कुणालाच सोडत न्हाईत. भांडून आलो तर नोकरी जाणार. जाऊ दे गेली तर, आबा आसतील तर म्या ह्या घटकेला निघतो. पण मला खूण पायजे. आबाला जाऊन इचार, म्या सातवीत आसताना कोरेगावच्या तळावर मेंढरं बसवली हुती, तवा आमी दोघांनी काय केलं? त्ये तिसऱ्याला ठावं न्हाई. त्येचं उत्तर आण. म्या हितंच बसलोय.’

राणी धावली. रिक्षा मिळेपर्यंतही थांबवेना, अर्धा रस्ता ती पळतच गेली. आबा जागे होते, नजर दाराकडं. ती त्यांच्या तोंडाजवळ वाकून म्हणाली, “आबा, बिरू इचारतोय. सातवीत आसताना कोरेगावच्या तळावर तुमी दोघांनी काय केलं? सांगा, आबा! कसंबी सांगा!”

आबांचे डोळे भरून आले. ओठ हलले, पण नुसता घरघराट आला. मग त्यांनी डावा हात उचलला. तो हात कसाबसा कानापर्यंत नेला, पाळी चिमटीत धरली, सोडली, आणि दोन बोटं कानाशी हलवली. पुन्हा धरली. पुन्हा हलवली.

“कान दुखतोय व्हय आबा?”

आबांनी हात गादीवर आपटला. राणीनं नर्सला हाक मारली. “आवं सिस्टर, कान लय ठणकतोय वाटतं त्यांचा, बघा की जरा.” आबा पुन्हा कानाकडं हात नेत होते, नर्सनं तो हात हळूच धरून खाली ठेवला आणि कानात औषधाचे थेंब घातले. राणीला तिथं थांबायला सवड नव्हती. तिकडं बिरू बसून होता.

कॅफेत येऊन तिनं लिहिलं: ‘बिरू, त्यास्नी बोलता ईत न्हाई. एक अंग गेलंया.’ कान दुखण्याचं काय सांगत बसायचं, म्हणून ते तिनं लिहिलं नाही.

दिग्विजयनं पाण्याचा पेला आणून ठेवला होता, तो तसाच राहिला.

‘समजलं, राणे. आता काय सांगू नगंस. तुझा राग न्हाई. तेराव्याला येतो.’

‘बिरू आबा जिवंत हायती’, तिनं लिहिलं. ‘बिरू ऐक’, लिहिलं. पण ते पिवळं तोंड काळवंडलं होतं. दिग्विजय म्हणाला, “मॅडम, लिहून ठेवा, परत बसला की त्यास्नी दिसंल.” ती त्यानंतर रोज शाळेआधी आणि शाळेनंतर जाऊन लिहून यायची. आज आबांनी डोळे उघडले. आज माझा हात दाबला. बिरूचं तोंड काही पुन्हा पिवळं झालं नाही.

आणि आबा? डॉक्टरांचे आठ दिवस झाले, नऊ झाले, म्हातारा हलायला तयार नाही. दार वाजलं की मान वळायची. मंगळवारी तर त्यांनी चार चमचे पेज घेतली. राणीला वाटलं, उठतात की काय आता! बुधवारी पहाटे ते गेले.

त्याच दिवशी आटपाडीला माती झाली. शुक्रवारी सकाळी माणसं राख सावडायला निघत होती, तेवढ्यात दारात जीप थांबली आणि बिरू उतरला. डोकं सफाचट भादरलेलं. तो तेराव्याला म्हणून आला होता, आणि पोचला होता तिसऱ्याला. अंगणात सावडण्याचं सामान बघून तो जागीच थांबला. “अजून सावडायचंच हाय?” त्यानं विचारलं. चुलत्यांपैकी कुणीतरी म्हणालं, “आरं, परवा पहाटं तर गेले. तुझ्याच वाटंवर डोळं लावून हुते.”

बिरूनं आपल्या डोक्यावर हात ठेवला. मंगळवारी, त्याच्या हिशेबानं दहाव्या दिवशी, त्यानं तिकडं न्हाणीत बसून स्वतःच्या हातानं केस काढले होते. त्या दिवशी इकडं आबा पेज पीत होते.

सावडून झाल्यावर दोघं घरामागच्या बाभळीखाली बसली. मांडीवर आबांचं घोंगडं घेऊन बिरू म्हणाला, “म्या त्या रातीलाच तुझ्या शेजारच्या चंद्राबाईस्नी फोन केला हुता. त्या म्हणाल्या, ‘धीर धर लेकरा, निघून ये.’ धीर धर म्हटल्यावर म्या काय समजायचं? परत ते मेसेंजर उघडायचं धाडस झालं न्हाई. तेराव्यासाठी म्हणून साहेबानं सुट्टी दिली, राणे. आधी मागितलीच न्हाई म्या.”

काहीतरी सांगावं म्हणून राणी म्हणाली, “तुझा प्रश्न म्या इचारला हुता रं. शपथ घेत न्हाई आता, पण इचारला हुता. त्या दिवशी त्यांचा कान लय दुखत हुता. सारखा हात कानाला.”

बिरूनं मान वर केली. “कसा?”

“आसा.” तिनं डाव्या हातानं कानाची पाळी चिमटीत धरली, सोडली, आणि दोन बोटं हलवली.

बिरू त्या बोटांकडं बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा पिळवटला की राणी घाबरली.

“कोरेगावच्या तळावर दुसऱ्याचं कोकरू आपल्या कळपात शिरलं हुतं,” तो म्हणाला. “त्येच्या कानाला दुसऱ्याची खूण हुती. मला हायस्कुलात घालायचं हुतं आणि आबांच्या हातात काय नव्हतं. आबांनी त्येचा कान कातरून आपली खूण केली आणि बाजारात इकलं. म्या कोकराचं पाय धरलं हुतं. जल्मात कुणाला सांगू नगंस म्हणाले. तेवढी एकच चोरी त्यांची.” तो थांबला. कातरीसारखी दोन बोटं त्यानं स्वतःच्या कानाशी नेली. “उत्तर दिलं हुतं की गं त्यांनी, राणे.”

राणीला तो रविवार लख्ख आठवला. नर्सनं बाटली उघडली, तेव्हा आबांनी एकदा तिच्याकडं बघितलं होतं, दाराकडं बघितलं होतं, आणि मग थेंब नीट पडावेत म्हणून मुकाट्यानं मान वळवून दिली होती.