जीपवरचे यज्ञेश्वर सर

जीपवर यज्ञेश्वर सर दोन होते. एक प्लायवुडचे, दहा फूट उंच, हातात चांदीचा चषक, दात काढून हसणारे. दुसरे खरे. कटआउटच्या पायाशी लोखंडी दांडा धरून मे महिन्याच्या उन्हात उभे, गळ्यात झेंडूचा हार. खरे हसत नव्हते. हार काढायची त्यांना परवानगी नव्हती.

परवानगी पियूष द्यायचा. पियूष कंपनीचा माणूस, वयानं सरांच्या खेळाडूंएवढा. ढाणकी गाव जवळ आलं तसं त्यानं पुन्हा बजावलं, "सर, भाषण नको. तेच वाक्य बोला, बस."

ते वाक्य म्हणजे 'भरोसा ठेवा'.

सर यवतमाळचे. बाप तहसिलीत कारकून, आजा कोर्टात. घरात कोणी मातीला हात लावला असेल तो तुळशीच्या कुंडीपुरता. शाळेमागच्या मुरमाड मैदानावर, विजेच्या खांबाला ठोकलेल्या रिंगमध्ये बास्केटबॉल टाकत हा पोरगा वाढला. उंचीनं मात्र वाढला नाही, म्हणून खेळायचं सोडून दुसऱ्यांना खेळवायला लागला. आधी जिल्ह्याची पोरं, मग विदर्भाची, मग पुण्याचा पगारी संघ. लीगच्या अंतिम सामन्यात संघ पार मागे पडला, पोरांच्या माना खाली गेल्या, तेव्हा सरांनी टाइमआउट घेतला. त्या मिनिटभरात कोच फळ्यावर डाव आखून दाखवतो. सरांनी खडूला हातच लावला नाही. एकेकाच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "भरोसा ठेवा." पोरं उठली आणि चषक घेऊन आली. सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं.

बियाण्याच्या कंपनीनंही बघितलं. तिनं संघ विकत घेतला. संघाबरोबर कोच आला, कोचाबरोबर वाक्य आलं. दरवर्षी पेरणीआधी महिनाभर सरांनी जीपवर उभं राहायचं, असं ठरलं. सरांना वाटलं, जिल्हा आपलाच, माणसं आपलीच, बियाणं चांगलंच असेल. शिकल्यासवरल्या शहरी माणसाची ही खास चूक. ज्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही, ते चांगलंच असेल म्हणून तो मोकळा होतो. भोगायला दुसरे असतात.

मागच्या वर्षी, पहिल्याच हंगामात, कापसावर लाल्या रोग आला. पानं लाल पडली, बोंडं सुपारीएवढी राहून वाळली. कंपनी म्हणाली, पाऊस चुकला. पावसाचं बरं असतं, तो उत्तर द्यायला येत नाही. आणि यंदा तीच कंपनी, तेच बियाणं, पाकीट तेवढं नवीन.

ढाणकीच्या चौकात गर्दी जमली. गर्दीतून बेबीताई पुढे आल्या. बारा एकर काळ्या वावराच्या मालकीण, नवरा गेल्यापासून शेती स्वतः बघणाऱ्या. हातात मुळासकट उपटलेली वाळकी पऱ्हाटी, कापसाचं अख्खं झाड.

"हे घ्या सर," त्या म्हणाल्या. "एक कप तुमच्यापाशी हाये. हा दुसरा. हा आमी जिंकला."

लोक हसले. सरांनी वाकून पऱ्हाटी घेतली. न घेऊन करतात काय.

"तुमी म्हणलं भरोसा ठेवा, म्या ठेवला. यवतमाळचा मानूस आपल्याशी कायले खोटं बोलन? आता सांगा, कापूस कधी पेरला तुमी?"

"नाही."

"वेचला?"

"नाही, ताई."

"मंग मागच्या साली या भोंग्यातून कोन बोलून राह्यलं होतं?"

सरांनी आजवर खेळाडूच्या डोळ्यांत बघून खोटं सांगितलं नव्हतं. या जीपवरून त्यांनी कोणाच्या डोळ्यांत बघितलंच नव्हतं. त्यांनी माईक तोंडाशी धरला.

"मला कापसातलं काही कळत नाही. हे बियाणं मी कधी पेरलेलं नाही. माझ्यावर भरोसा ठेवू नका."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. पियूषनं माईक काढून घेतला. "बघा मंडळी, देशाचा चॅम्पियन, पण गर्व आहे का? असा माणूस खोटं बोलेल?"

टाळ्याच टाळ्या. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "खरा मानूस हाये बाप्पा. नाही तं कोन असं कबूल करते?" बियाण्याच्या दुकानापुढं रांग लागली.

बेबीताई हलल्या नाहीत. "मंग उतरा ना खाली. वर काहून उभे?"

दोघांनी कोंडलेल्या खेळाडूला सर शिकवायचे, एक पाय रोवून दुसरा फिरव, वाट सापडते. पियूष त्यांच्या कानाशी लागला. "उतरलात तर संघ उद्या बंद. पोरांना तुम्हीच सांगायचं." क्षितिज, संघाचा कप्तान, रेल्वेची नोकरी सोडून आला होता. ती सोडताना त्यालाही सर तेच वाक्य बोलले होते.

सरांनी हार काढून दांड्याला टांगला आणि ते पऱ्हाटीसकट खाली उतरले.

पियूष भांडला नाही. त्यानं फक्त बटण दाबलं. भोंग्यातून सरांचाच मागच्या वर्षीचा आवाज आला, "शेतकरी बंधूंनो, मी यज्ञेश्वर. भरोसा ठेवा." जीप पुढच्या गावाच्या रस्त्याला लागली. प्लायवुडचे सर हसत हसत तिच्यावरून निघाले. "बंद करा ते," खाली राहिलेले सर म्हणाले. स्वतःच्याच आवाजाखाली त्यांचं कोणाला ऐकू गेलं नाही.

ते बेबीताईंना शोधायला लागले. एवढं एक माणूस तरी आपल्या बाजूला असेल, असं त्यांना वाटत होतं. ताई रांगेत उभ्या होत्या.

"ताई, तुम्ही?"

"दुकानदारानं दुसरं बियानं ठेवलंच नाही. मिरगाले काय गोटे पेरू वावरात?" त्यांनी हात पुढं केला. "आना ती पऱ्हाटी इकडं. चुलीले लागते."

सरांनी दिली. रस्त्यावर भोंगा बारीक होत चालला होता. पुढच्या गावात आवाज आता पोहोचेलच, आणि त्याच्या आधी पोहोचायला सरांकडे तर गाडीही नव्हती.