माझ्या चुका दुसऱ्या वहीत

मी वही बोलतेय. बारावी कला, तुकडी ब, विषय इंग्रजी, नाव वर्षाराणी आकाराम पताडे, असं माझ्या कव्हरावरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं आहे. वह्यांची आत्मवृत्तं तुम्ही शाळेत पुष्कळ लिहिली असतील. त्यात वही शेवटी रद्दीत जाते आणि मुलांना ज्ञान दिल्याचं समाधान मानते. मला तसलं समाधान वगैरे काही नाही. मी रागात आहे, आणि का रागात आहे ते सांगितल्याशिवाय गप्प बसणार नाही.

माझा कागद कुठल्या कारखान्यात तयार झाला, मला ठाऊक नाही. मला आठवतं तेव्हापासून मी कसबा बावड्यातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात, कंपासपेट्या आणि रेनकोटांच्या मधल्या फळीवर पडून होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक किरकोळ अंगाची मुलगी आली. दुकानदारानं चार वह्या तिच्यापुढं टाकल्या. तिनं एकेक उघडून बघितली आणि म्हणाली, "समास मोठा असंल ती द्या. सर चुका लिवणार हायत त्यात."

दुकानदार हसला. चुकांसाठी जागा मागणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच बघितलं असणार. मला मात्र ती तिथंच आवडली.

वर्षाराणी राधानगरीकडची. आई गेल्यावर वडिलांनी तिला शिकायला बावड्यात मावशीकडं ठेवलं होतं. गावच्या शाळेत इंग्रजीचा तास म्हणजे फळ्यावरचं उतरून घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं. त्यामुळं तिला इंग्रजी वाचता यायचं, थोडंफार समजायचं, पण चार वाक्यं मनानं लिहायची म्हटली की हात थांबायचा. आणि तिला तर नर्स व्हायचं होतं. नर्सिंगच्या कोर्सला कलाशाखा चालते, पण बारावीला इंग्रजीत पास व्हावं लागतं. वडिलांनी, म्हणजे आकारामांनी, तिला एस.टी.त बसवतानाच सांगून ठेवलं होतं, "एका दमात काढ बारावी, नर्सिंगला घालतो. लटकलीस तर मग माझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

इंग्रजीला चौगले सर होते. पहिल्या महिन्यात त्यांनी निबंध दिला, आयुष्यातला न विसरता येणारा दिवस. वर्गात एकोणऐंशी मुलं. त्यांतल्या अठ्ठ्याहत्तर जणांच्या आयुष्यात तो दिवस एकच होता, गाईडमधला बक्षीस समारंभाचा. पाहुण्यांचं नावसुद्धा सगळ्यांनी तेच लिहिलं. वर्षाराणीला गाईडमधून उतरवायचं हे माहीत नव्हतं म्हणा किंवा पटलं नव्हतं म्हणा, तिनं शनिवारी दुपारी मावशीच्या पडवीत बसून माझी पहिली दोन पानं स्वतःच्या मनानं भरली.

पहिल्या पानावर तिच्या आईला भाताच्या बांधावर साप चावतो. वडील तिला मोटरसायकलवर बसवून, मागं वर्षाराणीनं धरून, दवाखान्यात नेतात. तिथं एक नर्स आईचा हात हातात घेऊन बसते आणि वर्षाराणीला चहा देते. दुसऱ्या पानावर तिसऱ्या दिवशी आई जाते. ती नर्स आईचे सुटलेले केस बांधते, तोंड पुसते, मग घरच्यांना आत बोलावते. ते बघून या मुलीनं ठरवलं की आपण नर्स व्हायचं.

इंग्रजी कसं होतं विचाराल तर वाईट होतं. आई एका वाक्यात काल शेतात गेलेली असते आणि पुढच्याच वाक्यात आज जात असते. काही वाक्यं मराठीच्या चालीनं चालत जाऊन मध्येच बसलेली. नुसत्या पहिल्या पानावर तेवीस चुका होत्या. पण त्या लिहिणाऱ्या मुलीच्या चुका होत्या. उतरवणाऱ्याला चुका करायला काही कारणच नसतं.

मी सरांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात गेले. आठवडा गेला, महिना गेला. वर्षाराणी दर दोन दिवसांनी स्टाफरूमच्या दारात. "सर, माझी वही बघितली?"

"बघतो की गं! काय पळून चाललीय का वही?"

चौगले सर वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडं चार तुकड्या, तीनशेच्या वर वह्या, वर मतदारयाद्यांचं काम आणि कुठल्या कुठल्या ऑनलाइन माहित्या भरणं. एका बैठकीत त्यांनी आमचा गठ्ठा संपवला. पान उलटायचं, वरपासून खालपर्यंत लाल रेघ ओढायची, खाली शेरा, पुढचं पान. माझ्यावर त्यांचे सहा सेकंद गेले असतील. आई गेली ते वाक्य जिथं संपतं, बरोब्बर त्याखाली त्यांनी लिहिलं, 'गुड'.

वर्षाराणी ते कितीतरी वेळ बघत राहिली. मग पुन्हा स्टाफरूमकडं गेली. "सर, चुका कुठं हायत?"

"चांगलं लिहिलंयस की. चुका नाहीत." सरांनी मोबाईलमधून मानही वर केली नाही.

तिनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? सर सांगताहेत. पुढं तिनं आणखी सहा निबंध लिहिले, त्याच चुका करत, आणि प्रत्येकाखाली 'गुड' मिळवत. घटक चाचणीत मात्र तिला पन्नासपैकी अकरा पडले. त्या दिवशी तिनं एका हातात पेपर आणि एका हातात मला धरलं. दोन्हीकडं अक्षर सरांचंच. वहीत शहाणी आणि पेपरात ढ, ही काय भानगड आहे ते तिला कळेना. मला कळत होतं, पण मला तोंड कुठं होतं?

जानेवारीत तपासणी पथक येणार असल्याचं पत्र आलं. नुसत्या रेघा चालणार नाहीत, मुलांच्या चुका दाखवलेल्या हव्यात, दुरुस्ती करून घेतलेली हवी, प्रगती दिसायला हवी, असं त्यात होतं. आता आली का पंचाईत! अठ्ठ्याहत्तर वह्यांत गाईडचं निर्दोष इंग्रजी. चुका आणायच्या कुठून?

सरांनी वर्गातली हुशार मुलगी गाठली, प्रियदर्शनी. वडील वकील, अक्षर मोत्यासारखं. तिला त्यांनी कोरी वही दिली आणि नमुना वही तयार करायला सांगितलं. सुरुवातीला चुका भरपूर, मग दुरुस्ती, मग सुधारलेला निबंध. प्रियदर्शनी दुसऱ्या दिवशी वही परत घेऊन आली. "सर, मला चुका करायला जमत नाहीत. मुद्दाम केल्या की खोट्या वाटतात."

सरांनी जरा विचार केला. "वर्षाराणीची वही घे. तिच्या अस्सल आहेत."

म्हणजे त्यांना माहीत होतं! 'चुका नाहीत' म्हणणाऱ्या माणसाला पक्कं माहीत होतं.

वर्षाराणीला त्यांनी एवढंच सांगितलं की वही दोन दिवस ठेवून जा. तिला वाटलं, सर आता नीट बघणार. तिनं मला नवीन कव्हर घालून दिलं. मी गेले प्रियदर्शनीच्या घरी. तिनं माझं पहिलं पान चुकांसकट त्या कोऱ्या वहीत उतरवलं. सरांना चुकांचं एकच पान हवं होतं, म्हणून तिनं पान उलटलं नाही.

मग स्टाफरूममध्ये चौगले सर लाल पेन घेऊन बसले. मी त्या वहीशेजारीच, वीतभर अंतरावर. आणि त्यांनी काय तपासलं म्हणून सांगू! तेवीसच्या तेवीस चुकांना गोल. प्रत्येकीपुढं समासात, इथं असं का होत नाही, मग कसं होतं, आणखी एक उदाहरण. शेवटी दोन ओळी, या मुलीला सांगायला चांगलं येतं, क्रियापदाच्या काळाकडं लक्ष दिलं की लिहायलाही येईल. तास-दीड तास ते बसले होते. चहा निवून गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्या माणसाला शिकवता येत होतं हो. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. येत नसतं तर मी केव्हाच माफ करून टाकलं असतं.

प्रियदर्शनीनं पुढच्या पानांवर सुधारलेला निबंध लिहून दिला आणि पथक आलं. त्यातल्या एका साहेबांनी वर्गात नमुना वही हातात घेऊन प्रियदर्शनीला उभं केलं.

"फार सुंदर. किती सुधारणा आहे! तुमच्या आईंना साप चावला होता?"

प्रियदर्शनीनं सरांकडं बघितलं. सर खिडकीकडं बघत होते. "हो सर."

"अरेरे. आता बऱ्या आहेत ना?"

"हो सर. एकदम बरी आहे."

"छान, छान." साहेबांनी टाळी वाजवली, म्हणून वर्गानंही वाजवली.

तिसऱ्या बाकावर वर्षाराणीच्या पुढ्यात मी, न तपासताच परत आलेली, उघडीच होते, दुसऱ्या पानावर. तिनं टाळी वाजवली नाही. तिनं तळहात माझ्यावर पालथा ठेवला आणि पथक जाईपर्यंत उचलला नाही. ती आता सगळ्यांदेखत काहीतरी बोलेल, असं मला वाटत होतं. बोल, म्हणून मी आतल्या आत ओरडत होते.

ती बोलली, पण मधल्या सुट्टीत, स्टाफरूमच्या दारात.

"सर, ती वही मला एक तास द्या."

"कुठली?"

"नमुन्याची. तिच्यात चुका माझ्याच हायत न्हवं? तुम्ही दुरुस्त केल्यात. मी नुस्त्या उतरून घेते."

सरांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "ती प्राचार्यांच्या कपाटात गेली गं. बाहेर काढता येत नाही आता. परत कुणी आलं तर दाखवायला लागते."

"मग हिच्यावर तेवढंच लिवा की."

"बघतो. आता तोंडी परीक्षा आल्यात, पेपर आल्यात." त्यांनी मला ओढून घेतलं, पहिल्याच पानावर 'सीन', म्हणजे बघितलं, असं लिहिलं, सही केली, तारीख टाकली आणि परत दिली.

मे महिन्यात निकाल लागला. सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत एकोणतीस. कॉलेजला मात्र लेखन प्रगतीबद्दल पथकाचं अभिनंदनाचं पत्र आलं होतं, ते सूचनाफलकावर लावलेलं वर्षाराणी गुणपत्रिका आणायला गेली तेव्हा वाचून आली. आकाराम तिला घरी न्यायलाच आले होते. मावशी मध्ये पडली. "पुरवणी परीक्षा तरी देऊ द्या पोरीला, दाजी." ते एकटेच निघाले आणि जाताना म्हणाले, "ह्या बारीला न्हाय झालं तर सामान घेऊनच ये."

त्यानंतर आठवड्याभरात प्रियदर्शनी स्कूटीवरून आली. कुणाकडून तरी तिला वर्षाराणीच्या आईचं कळलं होतं. दारातच म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं गं. मी पान उलटलंच नव्हतं."

वर्षाराणीनं मला आणलं आणि पान उलटून तिच्या पुढ्यात ठेवलं. प्रियदर्शनीनं वाचलं. माझं दुसरं पान नीट वाचणारं हे जगातलं पहिलं माणूस. वाचता वाचता ती रडायला लागली, दोन थेंब माझ्यावरही पडले. "किती सुंदर लिहिलंयस. यातला एक शब्दसुद्धा बदलू नये."

"समदी असंच म्हणत्यात," वर्षाराणी म्हणाली. "म्हणून तर नापास झाले. रडू नगंस, प्रिया. चुका सांग."

प्रियदर्शनीनं डोळे पुसले आणि पेन्सिल घेतली. पहिल्या पानावर सरांनी काय काय लिहिलं होतं ते आठवून आठवून तिनं सांगितलं. तेवीसपैकी सतरा आठवल्या. वर्षाराणीनं एकेकीचं कारण विचारलं, आणि तासाभरात तिच्या चेहऱ्यावर मी वर्षभरात न बघितलेला उजेड दिसला. मग प्रियदर्शनीला घरून फोन आला. तिला पुण्याला वकिलीच्या प्रवेशासाठी जायचं होतं. दुसरं पान फोनवर सांगते म्हणाली. चांगल्या मनानंच म्हणाली असेल. फोन काही आला नाही.

पुरवणी परीक्षेला आता नऊ दिवस राहिलेत. चौगले सरांना निवडणुकीचं काम लागलंय. वर्षाराणी रोज जेवणं झाल्यावर माझं दुसरं पान उघडते आणि नुसती बघत बसते. कुठं चुकलंय ते तिचं तिला दिसत नाही. दिसलं असतं तर ती चुकली कशाला असती?

तुमच्यापैकी कुणाला इंग्रजी येत असेल तर कसबा बावड्यात या. एक तास काढून या. कौतुक करू नका, हळहळू नका, पोरीच्या पाठीवरून हात तर अजिबात फिरवू नका. तिच्या आईच्या मरणावर लाल पेन चालवायला तुम्हाला लाज वाटेल, पण तरी चालवा. तिला तेवढंच हवंय.