अजून सुरू झालं नाही

प्रफुल्लला जे संगीत आवडायचं, त्याला इंदिरानगरातल्या त्याच्या सोसायटीत कुणी संगीत म्हणत नसे. बायको सविता त्या घरघरीला ‘फ्रिज’ म्हणायची. “लावलात का तुमचा फ्रिज?” असं ती दर रविवारी सकाळी विचारायची आणि तो बिचारा हो म्हणायचा. वर तिचं असंही म्हणणं होतं की कुकरला निदान तीन शिट्ट्या तरी असतात, ह्यात त्याही नाहीत. तिचं अगदीच चुकत नव्हतं. शब्द नाहीत, ताल नाही, मुखडा नाही, अंतरा नाही. एक स्वर हळूच येतो, पसरतो, त्याच्या पोटातून दुसरा निघतो. मागे कुठेतरी बारीक खरखर चालू असते, आणि मघाचा स्वर गेला कधी हे आपल्याला कळलेलंच नसतं. हे सगळं कॉम्प्युटर आणि सिंथेसायझरवर केलेलं, करणारे लोक बहुधा थंड देशांतले. ज्या नाशकात ढोल वाजल्याशिवाय चपलांच्या दुकानाचंसुद्धा उद्घाटन होत नाही, तिथे हे ऐकणारा माणूस विक्षिप्तच ठरायचा.

प्रफुल्ल सरकारी कचेरीत कारकून होता. आठवडाभर फोन, फायली आणि साहेबांचा चढा आवाज. रविवारी नऊ वाजता तो हॉलमध्ये सतरंजी टाकून जुन्या बाजारातल्या दोन स्पीकरांसमोर बसायचा. ते थरथरू नयेत म्हणून त्यांच्याखाली जुन्या स्लिपरांचे तुकडे कापून ठेवले होते. अल्बम एकच, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधला तुकडा गाळायचा नाही, पुढचा आधी ऐकायचा नाही, कारण करणाऱ्यानं तो क्रम विचार करून लावलेला असतो, हे त्याचं ठाम मत. तेवढ्या वेळात फोन बंद, पंखा बंद आणि कुकरही बंद. जगात इतक्या सावकाश, कुणावर न ओरडता काहीतरी चाललेलं आहे, ह्याचं त्याला मनापासून बरं वाटायचं.

मागच्या वर्षी त्याचे वडील रावजी, म्हणजे आबा, त्याच्याकडे राहायला आले आणि हे रविवार बंद पडले.

आबा चांदवड तालुक्यातले. चाळीस वर्षं त्यांची गायन पार्टी होती. भीमगीतं आणि बुद्धगीतं घेऊन ते गावोगाव जायचे, आणि जयंतीच्या दिवसांत तर पंधरा-पंधरा दिवस घराचं तोंड पाहायचे नाहीत. आवाज असा की माइक बंद पडला तर लोक म्हणत, राहू द्या, कशाला हवाय. पण घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, शेजारी बसलं तरच ऐकू येणारी. आई आधीच गेलेली, गावाकडे एकट्यानं राहायचं तरी कसं, म्हणून प्रफुल्लनं त्यांना नाशकात आणलं.

आल्यापासून आबा गाण्याजवळ बसेनात. टीव्हीवर गाणं लागलं की उठून जात. रस्त्यावरून वरात निघाली की खिडकी लावून घेत. एकदा सवितानं चांगल्या मनानं त्यांच्याच पार्टीचं जुनं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावलं. आबांनी दोन ओळी ऐकल्या, चप्पल घातली आणि खाली गेले ते दुपारी दोनला परत आले. जेवलेही नाहीत. संध्याकाळी त्यांनी तिला जवळ बोलावलं.

“पोरी, राग मानू नको,” ते कुजबुजले. “गाणं सुरू झालं की त्याचे शब्द हितवर येतात.” त्यांनी गळ्याला हात लावला. “अन् हितंच अडकतात. लय दुखतं.”

त्या दिवसापासून घरात गाणं बंद झालं. आबा एक भाकरी खायचे तिथे अर्धी खाऊ लागले आणि भिंतीकडे तोंड करून बसू लागले. चाळीस वर्षं सुरात राहिलेला माणूस असा कोरडा पडत चाललेला प्रफुल्लला पाहवत नव्हता. त्याला आता एकच हवं होतं. आबांनी पुन्हा गावं असं नाही, ते होणार नव्हतंच. त्यांनी एकदा तरी सुरांजवळ बसावं, एवढंच.

डिसेंबरातल्या एका रविवारी आबा फिरायला गेले होते. थंडीतलं कोवळं ऊन पडलं होतं, ते लवकर परतणार नाहीत असं वाटून प्रफुल्लनं चार महिन्यांनी एक अल्बम लावला. आठ तुकड्यांचा, अठ्ठेचाळीस मिनिटांचा. पहिला स्वर खोलीत पसरतोय तोवर दार उघडलं आणि आबा आत आले. प्रफुल्लनं बंद करायला घाईघाईनं हात पुढे केला, पण आबांनी ‘राहू दे’ अशी खूण केली, मफलर काढला आणि सतरंजीच्या कडेला ताठ बसले.

तिसऱ्या तुकड्यात पाण्याखालून यावेत तसे घंटांचे आवाज येतात, ते आले. सहावा तुकडा जवळजवळ नाहीच, नुसता श्वास असतो, तोही झाला. आबा उठले नाहीत. प्रफुल्लनं त्या दिवशी एकही स्वर धड ऐकला नाही, तो फक्त बापाकडे पाहत होता. स्वयंपाकघराच्या दारात सविता हातात लाटणं घेऊन उभी राहिली होती.

शेवटचा स्वर विरला. आबांनी मुलाला जवळ बोलावलं.

“झाले का सूर जुळवून?” ते कुजबुजले. “मग थांबले कशाला? सुरू करा म्हणावं.”

सविता लाटण्यासकट आत पळाली आणि तोंडावर ओढणी दाबून हसली. प्रफुल्लच्या मात्र सगळं ध्यानात आलं. आबांच्या पार्टीच्या कार्यक्रमांच्या कॅसेटी निघायच्या, आणि भरणारा गडी बटण आधीच दाबून मोकळा व्हायचा. अर्धी बाजू पेटीचे सूर आणि ढोलकीची ओढाताण ह्यातच जायची. हीही तसलीच कॅसेट असेल असं आबांना वाटलं. आणि पार्टीचा एक कडक नियम होता. सूर जुळत असताना कुणी बोलायचं नाही आणि कुणी उठायचं नाही. उठणं म्हणजे वाजवणाऱ्याचा अपमान. आबा बसले होते ते संगीतासाठी नव्हे, नियमासाठी.

आता खरं सांगावं तर हे गाणं आहे म्हटल्यावर पुढच्या रविवारी ते चप्पल घालणार. न सांगावं तर बापाशी खोटं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

“एवढंच भरलंय, आबा,” प्रफुल्ल शेवटी म्हणाला. “पुढचं मिळालं नाही.”

“असंच करतात मेले,” आबा सहानुभूतीनं म्हणाले.

पुढच्या रविवारी दुसरा अल्बम, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा. दर वेळी नेमकं पुढचं भरलेलं नसायचं. जगातल्या सगळ्या कॅसेटवाल्यांच्या निष्काळजीपणावर आबा मान हलवायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. हळूहळू ते बोलूही लागले. “पेटीवाला चांगला हाय. घाई करत नाय,” एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, “मधीच त्यानं एक सूर खाली घेतला बघ. घाबरलो मी. पण परत आणला गड्यानं.” प्रफुल्लनं तो अल्बम वीसदा ऐकला असेल, ती जागा त्याला कधी दिसली नव्हती. शनिवारी संध्याकाळी आबा स्वतःहून विचारायचे, “उद्या हायेत ना ते तुझे जुळवणारे?” भाकरी पुन्हा एकीवर आली.

प्रफुल्ल सुखात होता आणि आतून खजीलही होता. हवं ते मिळालं होतं, पण मिळवलं होतं लबाडीनं. शिवाय एक बारीक दुःख होतं, ते त्यानं सविताला सांगितलं. आबांना आवडत होतं ते त्याचं संगीत नव्हे, कुठल्यातरी न होणाऱ्या कार्यक्रमाची तयारी.

“मग सांगून टाका,” सविता म्हणाली.

“आणि उठून गेले तर?”



सहाव्या रविवारी कोंडाजीकाका आले. हे आबांच्या पार्टीतले ढोलकीवाले. डोळे तपासायचे म्हणून आदल्या दिवशी एसटीनं आले होते, पुतण्याकडे उतरले होते. दारातूनच त्यांनी “जय भीम रावजी!” अशी आरोळी ठोकली. आत अल्बम सुरू होता. आबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि सतरंजी दाखवली. काका समजले, सूर जुळतायत. पिशवी भिंतीशी ठेवून ते निमूट बसले.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. काकांची बोटं मांडीवर चुळबुळायला लागली. कपाळाला आठ्या पडल्या. अर्ध्या तासानं नियम गेला उडत.

“रावजी, हे काय जुळवून राहिलेत?” ते मोठ्यानं म्हणाले. “सूर तर पहिल्यापासनं जुळलेलाच हाय. जुळवायला आधी बेसूर नको का? अन् ह्यांचा ढोलकीवाला कुठं मेला? अर्ध्या तासात एक थाप नाय!”

आबा त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग मान वळवून त्यांनी मुलाकडे पाहिलं.

प्रफुल्लनं हात लांबवला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक अल्बम मध्येच थांबवला. खोली एकदम रिकामी झाली.

“आबा,” तो म्हणाला, “काकांचं बरोबर आहे. हे जुळवणं नाही. हेच गाणं आहे. एवढंच असतं.”

“अन् पुढचं?”

“पुढचं काही नसतं. ह्यात कुणी गातच नाही. मी तुमच्याशी खोटं बोललो, सहा आठवडे. गाणं म्हटलं असतं तर तुम्ही उठून गेला असता.”

काकांच्या तोंडावरचा वैताग मावळला. आपण काय करून बसलो हे त्यांना कळेना, पण काहीतरी करून बसलो एवढं कळलं. आबांनी एक हात जमिनीला टेकला, उठताना टेकतात तसा. संपलं, प्रफुल्लला वाटलं. त्यानं मान खाली घातली.

“सुरूच व्हायचं नाय?” आबांनी विचारलं.

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही, आबा.”

आबा तसेच हात टेकून राहिले. मग त्यांनी मोठा श्वास सोडला. ते बोलू लागले तसे प्रफुल्ल आणि कोंडाजी दोघेही ऐकायला पुढे वाकले.

“दर रविवारी मी हितं जीव मुठीत धरून बसायचो,” आबा म्हणाले. “आता सुरू होतंय का मग, आता कुणी तोंड उघडतंय का, अन् मला उठावं लागतंय. उठू तर वाटायचं नाय. लय बरं वाटायचं बसून. मनात म्हणायचो, जुळवा रे बाबांनो, अजून थोडं जुळवा.”

जमिनीला टेकलेला हात त्यांनी उचलला आणि सरकत सरकत भिंतीला पाठ लावली. पाय लांब केले. कोंडाजीकाका काहीतरी बोलायला गेले, तर आबांनी त्यांच्या गुडघ्यावर एक चापट दिली.

“मधनं नको,” ते प्रफुल्लला म्हणाले. “पहिल्यापासनं लाव. आजवर माझं निम्मं ध्यान दाराकडंच होतं.”