झगा धुऊन परत करावा

शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमधले बाक कमी पडले. मुलांच्या वर्गातल्या बुटक्या खुर्च्या आणून मागच्या भिंतीला लावल्या, आणि त्यांवर चांगली वयस्कर माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली. चर्चच्या धर्मगुरू असलेल्या पाळकबाईंचा आनंद गगनात मावेना. दोन वर्षांपूर्वी त्या या मंडळीत आल्या, तेव्हा त्यांनी आधी दारावरच्या पाटीला हात घातला होता. ‘सर्वांचे स्वागत’ या जुन्या ओळीखाली त्यांनी ‘सर्वांचे म्हणजे सर्वांचेच’ अशी दुसरी ओळ रंगवून घेतली होती. काही जणांनी नाकं मुरडली, दोन घरं यायची बंद झाली, पण नवी सहा घरं आली. आणि आज, याच मंडळीत लहानाचा मोठा झालेला, आता गावोगाव एकट्याने हसवण्याचे प्रयोग करणारा एक कलाकार बावीस वर्षांनी इथं परत आला होता. तो गे होता, आणि प्रयोगाचा विषयही तोच होता: असा मुलगा देवाच्या घरात वाढतो तेव्हा काय काय होतं.

लहानपणी सगळे त्याला पिपाणी म्हणत. आवाज एकदा वर चढला की खाली उतरायचं नाव घेत नसे, म्हणून मास्तरांनी ते नाव ठेवलं होतं. मास्तर म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांची बायको तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. ती शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली, म्हणून लहानथोर सगळे तिला बाईच म्हणत. कार्यक्रमानंतरच्या चहाचं काम बाईंकडे होतं, त्यामुळे न येऊन चालण्यासारखं नव्हतं. नाहीतर आठवडाभर त्या गुडघ्याच्या दुखण्याचं निमित्त काढायच्या विचारात होत्या.

पिपाणी पुढे आला तो चाळिशी ओलांडलेला, कपाळ मागे मागे सरकत चाललेला, बाह्या दुमडलेला. त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाला, “हा हॉल मला आठवतो त्यापेक्षा बराच लहान आहे. का माझी पापं मोठी झाली?”

पहिला हशा आला आणि लोक सैलावले. मग त्याने तरुणांच्या प्रार्थनासभेचा किस्सा घेतला. “प्रत्येकाला विचारत होते, कुणासाठी काय मागायचंय? एकीने आजीचा गुडघा मागितला. एकाने नोकरी मागितली. माझी पाळी आली. मी एकोणीस वर्षांचा, भाबडा. म्हटलं, माझं एका मुलावर प्रेम आहे आणि उद्या त्याचा गणिताचा पेपर आहे. अशी शांतता पसरली म्हणता! देवालासुद्धा वाटलं असेल, आता आपण काही बोलावं की गप बसावं.” तो थांबला. “पास झाला बरं का तो. म्हणजे प्रार्थना पोचली होती. देवाकडून काहीच अडचण नव्हती.”

लोक हसून हसून डोळे पुसत होते. बाईसुद्धा हसल्या. आणि मग पिपाणीने चष्मा कपाळावर चढवला, डावा खांदा जरा खाली सोडला, आणि हवेत असा हात हलवला की मास्तरच समोर उभे राहिले. तसेच ताल देताना ओठ पुढे काढणारे, “अरे, गाताय की गुरं वळताय?” म्हणणारे. बाई नकळत पुढे सरकून बसल्या. चार वर्षांत तो हात त्यांनी पाहिला नव्हता.

“तर हे मास्तर,” पिपाणी म्हणाला, “आणि हे त्यांनी मला पाठवलेलं प्रेमपत्र.”

त्याने खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातला एक घडीचा कागद काढला. बाईंनी तो लांबूनच ओळखला.

पिपाणी मास्तरांच्या आवाजात वाचू लागला. “‘आपणांस कळविण्यात येते की, आपल्या आवाजाबद्दल समितीची कोणतीही तक्रार नसून, तक्रार आपल्याबद्दल आहे.’”

हॉल गडगडला.

“स्वल्पविराम बघा! माणसाला हाकलून देताना किती काळजी घेतलीय. पुढे ऐका. ‘गायकवृंदाचा झगा आपणांकडे असल्यास तो धुऊन, इस्त्री करून परत करावा.’ धुऊन! म्हणजे माझं जे काय होतं ते कापडाला लागतं, अशी यांची समजूत.” तो मास्तरांसारखा चिमटीत झगा धरून लांब नाचवू लागला. “आईने तीन वेळा धुतला तो. म्हटलं, आई, पुरे. ती म्हणाली, नको रे, काहीतरी राहील.”

हसणाऱ्या माणसांत बाई ताठ बसून होत्या. त्या पत्रातला एकेक स्वल्पविराम त्यांचा होता.

गायकवृंदाच्या समितीचं सगळं लिखाण बाईच करत. सभेचं इतिवृत्त, आभाराची पत्रं, सगळं. खाली मास्तरांचं पद टंकलेलं असे आणि त्यावर शिक्का बाई मारत. ते पत्रही त्यांनी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं होतं. मास्तरांना वाचून दाखवलं तेव्हा ते भाजी निवडत होते. म्हणाले, “हे पाठवू नकोस.” बाई म्हणाल्या, “समितीचा ठराव आहे.” मास्तर म्हणाले, “ठराव खड्ड्यात गेला, पोरगं आपलं आहे.” दुसऱ्या दिवशी मास्तर तालमीला गेले, आणि बाईंनी शिक्का मारून पाकीट टपालात टाकलं. पुढे कळल्यावर मास्तर भांडले नाहीत. वर्षभरात पाठदुखीचं कारण सांगून त्यांनी गायकवृंद सोडला, एवढंच.

प्रयोग संपला. बाई किटली घेऊन टेबलामागे उभ्या राहिल्या. चौकात औषधांचं दुकान चालवणारी त्यांची जुनी मैत्रीण, जिला सगळे औषधवाली म्हणत, ती कपबश्या मांडत होती. तिने बाईंच्या दंडावर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नका, बाई. मास्तर जुन्या वळणाचे. त्यांना वेगळं सुचणार तरी कसं?”

तेवढ्यात पिपाणी स्वतःच समोर आला. जवळून त्याचा चेहरा थकलेला दिसत होता. “बाई, राग नाही ना आला? खरं तर तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. त्यांच्या माघारी असं...”

खरं सांगायला हीच वेळ होती. औषधवाली बघत होती, दोन तरुण पोरी बघत होत्या, पाळकबाई हसऱ्या चेहऱ्याने त्याच बाजूला येत होत्या.

“नाही रे,” बाई म्हणाल्या. “ते तसेच होते.”

त्याचा कप भरून बशीत सांडेपर्यंत त्या ओतत राहिल्या.

रविवारी सकाळच्या उपासनेत पाळकबाईंनी प्रवचनात कालचा विषय काढला. आपल्यातल्याच एकाच्या हातून फार कठोर लिहिलं गेलं, तो बंधू आज हयात नाही, देव त्याला क्षमा करो, असं त्या मनापासून म्हणाल्या. सगळी मंडळी “आमेन” म्हणाली. बाईंच्या तोंडूनही सवयीने निघून गेलं. निघाल्यानंतर त्यांना आपल्याच जिभेची किळस आली.

दुसरा प्रयोग दुपारी तीनला होता. उपासना आटोपताच बाई हॉलमागच्या खोलीत गेल्या. पिपाणी टेबलाशी बसून उकडलेलं अंडं सोलत होता.

“या ना बाई, बसा.”

बाई बसल्या नाहीत. “ते पत्र मी लिहिलंय.”

“कुठलं?”

“तुझ्या खिशातलं.”

त्याने टरफलाचा एक तुकडा काढला, मग दुसरा. “खाली मास्तरांचं पद आहे.”

“सगळी पत्रं त्यांच्याच पदाने जायची. शिक्का माझ्याकडे होता. त्यांनी पाठवू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी पाठवलं.”

“मग ते मला बोलले का नाहीत?”

“तुमच्या घरी आले होते. तू तोवर शहर सोडून गेला होतास. तुझ्या आईने दारातूनच परत पाठवलं.”

पिपाणीने अंडं खाली ठेवलं. “आई सांगायची. शेवटपर्यंत मोठ्या तोऱ्यात सांगायची, त्या मास्तराला मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही म्हणून.” त्याने बोटांना चिकटलेलं टरफल झटकलं. “सहा वर्षं मी त्यांची नक्कल करतोय. किती गावं झाली, मोजली नाहीत. सगळ्यात जास्त हशा त्यालाच पडतो. खांदा सोडला की पडतोच.”

त्याने मान वर केली.

“आणि काल मी तुम्हाला तोंडावर विचारलं, बाई.”

“हो.”

“तुम्ही म्हणालात, ते तसेच होते.”

“हो, म्हणाले.”

“का?”

बाईंनी खूप वर्षं वर्गात मुलांना खोटी कारणं सांगताना ऐकलं होतं. त्यांना एकही सापडेना. “सोपं होतं,” त्या म्हणाल्या. “ते गेलेत. त्यांना काय होणार?”

पिपाणी उठला आणि खिडकीशी गेला. “मी तुम्हाला माफ केलं म्हणावं, अशी अपेक्षा असेल तर मला ते आज जमणार नाही.”

“तेवढ्यासाठी नाही आले. दुपारी त्यांना घेऊ नकोस. त्यांच्या जागी मला घे. माझी नक्कल कर.”

“कशी करू?” तो वळून म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. “तुमचं मला काहीच आठवत नाही. तुम्ही मागच्या बाकावर बसून वहीत काहीतरी लिहीत असायचात. तेवढंच.”

दुपारच्या प्रयोगात प्रार्थनासभेचा किस्सा झाला, हशा झाला, आणि मग पिपाणी म्हणाला, “इथं काल एक भाग होता, तो आज नाही. त्यात मी चुकीच्या माणसाला उभं केलं होतं.” एवढं बोलून तो पुढच्या किस्स्याकडे वळला, पण मध्ये भोक पडलं ते पडलंच. लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटच्या टाळ्याही कालच्यासारख्या नव्हत्या.

नंतर हॉलमागच्या मोरीत कप विसळताना बाईंनी औषधवालीला सगळं सांगितलं. शेजारी सुतारमामा बुटक्या खुर्च्या एकात एक अडकवत होते. त्यांनीच त्या खुर्च्या कधीकाळी बनवल्या होत्या. बाईंचं बोलून झालं तरी नळ वाहतच होता. औषधवालीने तो बंद केला.

“मला माहीत होतं, बाई,” ती हळूच म्हणाली. “ठरावावर माझी सही आहे.”

“माझीपण,” सुतारमामा म्हणाले. “मास्तरांची तेवढी नव्हती.”

बाई ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. “मग काल तुम्ही मला म्हणालात, मास्तर जुन्या वळणाचे...”

“म्हणाले खरं,” औषधवाली म्हणाली. “आणि तुम्ही त्याला ‘ते तसेच होते’ म्हणालात, तेव्हा मला हायसं वाटलं. आता लाज वाटते सांगायला.”

दारात पाळकबाई रिकामं ताट घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. कुणाकडेही न बघता त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं. “मी सकाळी व्यासपीठावरून त्यांच्यासाठी क्षमा मागितली,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तिघंही समोर बसला होतात.” आणि त्या निघून गेल्या.

पिपाणी बाहेर गाडीत सामान भरत होता. तिघं तिथवर गेली. कुणी ठरवलं नव्हतं; बाई निघाल्या आणि बाकीची दोघं मागोमाग आली.

“अरे वा,” पिपाणी म्हणाला, “समितीची बैठक दिसतेय.” तिघांचे चेहरे पाहून त्याला काय ते कळलं असावं, कारण त्याचं हसू विरलं. “एकच विचारतो. तेव्हा, पत्र गेल्यावर, तुमच्यापैकी कुणाला वाईट वाटलं होतं का?”

सुतारमामांनी टोपी काढून हातात घेतली. “तेव्हा? नाही. मोकळं झाल्यासारखं वाटलं होतं.”

“मी विसरून गेले होते,” औषधवाली म्हणाली. “दुकानात गर्दी होती.”

“मला ते वाक्य आवडलं होतं,” बाई म्हणाल्या. “‘तक्रार नसून’ वालं. फार नेमकं जमलंय असं वाटलं होतं. समितीला मी ते दोनदा वाचून दाखवलं.”

पिपाणीने मान हलवली, रागाने नाही, मायेनेही नाही, आणि गाडीचं मागचं झाकण बंद केलं. “बरं झालं सांगितलंत,” तो म्हणाला, आणि गेला.

पुढच्या रविवारी बाईंनी पाळकबाईंकडे पाच मिनिटं मागितली. पाळकबाईंनी दिली, पण नेहमीसारखं हसून नाही. बाई पुढे गेल्या. त्यांनी रात्री जागून लिहिलेला कागद आणला होता, तो उघडला, त्यातली रेखीव वाक्यं पाहिली आणि परत पर्समध्ये ठेवून दिला. “ते पत्र मी लिहिलं,” त्या म्हणाल्या. “मास्तर नको म्हणत होते. गेल्या आठवड्यात मी त्यांच्यावर ढकललं.” एक म्हातारे गृहस्थ कुजबुजले, “कशाला आता जुनं उकरायचं?” मागच्या बाजूने एका तरुण पोरीचा आवाज आला, “बोलू द्या ना त्यांना.” पण बाईंचं बोलून झालं होतं.

जागेवर परत जायला पूर्ण रांग ओलांडावी लागणार होती. एकेकाने पाय आत घेतले. कुणी वर पाहिलं नाही. बाई “जरा सरका, जरा सरका,” म्हणत आपल्या जागेपर्यंत पोचल्या आणि बसल्या.