ताईसाठी रस

"संपव बघू. खरा कस तळाशीच असतो," म्हणत रसवाल्याने ग्लास आपल्या ताईच्या ओठांना लावला.

ताईने दोन घोट घेतले. तिसरा हनुवटीवरून ओघळला. तो पुसायला तिने हात उचलला, पण तो अर्ध्यातूनच मांडीवर पडला.

"पायांत शिसं ओतल्यासारखं झालंय रे," ती म्हणाली.

बाजाराच्या तोंडाशी त्याची रसाची गाडी होती. कुण्या गिऱ्हाइकाकडून 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द त्याने ऐकला आणि तो त्याच्या जिभेवरच बसला. "लोखंडाला गंज चढतो ना, तसा शरीरालाही चढतो. रंगीत फळं, पालेभाज्या तो चढू देत नाहीत," असं तो येईल त्याला ऐकवायचा. ताईच्या किडन्या निकामी झाल्या, रक्त मशीनवर शुद्ध करून घ्यायची पाळी आली, तेव्हा त्याने ठरवलं, डॉक्टर त्यांचं करतील, आपण आपलं करू. रोज दुपारी गाडी झाकून तो संत्रं, टोमॅटो, बीट, पालक यांचा रस घेऊन यायचा. ती थकलेली दिसू लागली, तसा त्याने ग्लास मोठा केला.

आता त्याने तिच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी लागेना. लागली तीही अडखळत, थांबत.  त्याने शेजारच्या टॅक्सीवाल्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून तिला टॅक्सीत घातलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावल्या आणि कागदावर उमटणारी रेघ पाहून त्यांचा चेहरा बदलला.

"ठोके फार मंद आहेत. पोटॅशियम वाढलेलं दिसतंय. काय खाल्लं यांनी? फळं, रस, काही?"

"काही नाही," ताई डोळे मिटूनच म्हणाली. "नुसता भात."

रसवाला तिच्याकडे बघतच राहिला. लहानपणी शाळा बुडवल्याबद्दल त्याला मार बसला, तेव्हाही ही ताई त्याच्यासाठी खोटं बोलली नव्हती. आज बोलली. का, ते त्याला कळलं.

"रस देतो मी," तो म्हणाला. "रोज देतो. आज तर मोठा ग्लास दिलाय."

"भाऊ, गप्प बस."

"मीच देतो, डॉक्टर."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं, मशीन तयार ठेवायला सांगितलं. त्याच्या तोंडावर दार बंद झालं. आत पावलांची धावपळ चालली होती. दार उघडलं की तो उठायचा, कुणी दुसराच बाहेर यायचा, तो पुन्हा बसायचा.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई आल्या. "वाचल्या. रस वाईट नसतो हो, तुमच्या-माझ्यासाठी चांगलाच. पण त्यातलं पोटॅशियम बाहेर टाकायला किडनी लागते. त्यांना हे आम्ही आधीच सांगितलं होतं."

"ताईला माहीत होतं?"

"चांगलंच माहीत होतं."



वॉर्डात तो हात हलवत गेला. ताईला भेटायला रिकाम्या हाताने यायची ही पहिलीच वेळ. ती मशीनवरून आली होती, चेहरा उतरला होता, पण डोळे उघडे होते.

"सांगितलं का नाहीस?"

"बराचसा मोरीत ओतायचे. तू समोर बसलास की मात्र प्यावं लागायचं."

"अगं, पण का?"

 "आई गेल्यापासून मीच तुला वाढत आले. मला काही द्यायची तुझी पाळी कधी आलीच नव्हती. तो ग्लास पुढे करताना तुझं तोंड कसं उजळायचं, ते तुला दिसत नव्हतं."

 तो खाटेच्या काठावर टेकला. तिने त्याचा हात ओढून घेतला. बिटाने लाल झालेली बोटं, नखांत संत्र्याची साल. ती बोटं तिने नाकापाशी धरली, एक लांब श्वास घेतला आणि डोळे मिटले.

तिला झोप लागली तरी त्याने हात काढून घेतला नाही.