डावा डोळा

डॉक्टरबाईंनी कस्तुराबाईची पापणी अंगठ्यानं वर उचलली आणि बॅटरीचा उजेड डोळ्यात मारला.

“काही कळतं? उजेड, सावली?”

“ऊन लागल्यावानी वाटतंय. दिसत न्हाय.”

“आणि डाव्यात?”

“त्यातबी तसंच.”

भूमच्या सरकारी दवाखान्यात त्या दिवशी अपंगत्वाच्या दाखल्यांची तपासणी होती. कस्तुराबाईच्या दाखल्याची मुदत संपली होती. एरवी तिला कुठंही न्यायचं तर तिचा नवरा बब्रुवानच न्यायचा. पण सोयाबीनच्या मळणीचं यंत्र नेमकं त्याच दिवशी मिळालं, आणि तो गावी, ईटलाच अडकला. म्हणून तिच्या बहिणीची मुलगी अर्पिता सोबत आली होती. ती धाराशिवला नर्सिंग शिकत होती. जुने कागद लागतील म्हणून तिनं सकाळी घरातली लोखंडी पेटी उपसली, तेव्हा अगदी तळाशी, बब्रुवानच्या धोतराच्या घडीत, एक प्लॅस्टिकची पिशवी सापडली होती.

डॉक्टरबाई त्या पिशवीतले कागद उलटत होत्या. एका कागदावर त्यांचा हात थांबला.

“आठ वर्षांपूर्वी सोलापूरला दाखवलं होतं ना? मग ऑपरेशन का नाही केलं?”

“उपयोग न्हाय म्हणले होते.”

“उजव्याला नव्हताच. पण इथं डाव्याचं लिहिलंय. काचबिंदू आहे, दाब फार वाढलाय, महिन्याच्या आत ऑपरेशन केलं तर आहे तेवढी नजर टिकेल.” त्यांनी पुढची ओळ वाचली. “खाली लिहिलंय, नातेवाइकांना समजावून सांगितलं, त्यांनी नकार दिला. सही आहे.”

“कुणाची?”

कागद हातातून हातात गेल्याचा आवाज झाला.

“काकांची, मावशी,” अर्पिता म्हणाली.

कस्तुराबाईनं पदर नीट केला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “आता काय करता येतंय का?”

“आता नाही हो. नस पूर्ण वाळली.”

सोलापूरचा तो दिवस तिला नीट आठवत होता. डोळ्यात थेंब घालून तिला बाहेर बाकावर बसवलं होतं. बब्रुवान एकटाच आत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला. तिच्या शेजारी बसून म्हणाला होता, “नस वाळली म्हणतेत. आता काय उपयोग न्हाय.” आणि तिचा हात हातात घेऊन रडला होता. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. त्याला रडताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

त्याआधीच्या सतरा वर्षांत रडायची ती. तो पिऊन यायचा, हाताला येईल ते फेकून मारायचा. मूलबाळ नव्हतं, त्याचाही राग तिच्यावरच निघायचा. शेवटी तिनं ठरवलं होतं. शिलाई मशीन आधीच बहिणीकडं तेरखेड्याला पोचवलं होतं; बार्शीला खोली बघून ब्लाउज शिवायचे, एकटीनं राहायचं. त्याला तसं तोंडावर सांगितलंही होतं. त्याच पावसाळ्यात दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली.

दृष्टी गेली आणि बब्रुवान बदलला. दारू सुटली. तो तिची वेणी घालायला शिकला, भाकरी थापायला शिकला. हात धरून तिला शेतात न्यायचा आणि वाटेनं सगळं सांगत जायचा. करडई फुललीय, अमक्याच्या दारात नवी मोटारसायकल आलीय, आभाळ खालच्या अंगाला काळं झालंय. बायका म्हणायच्या, असा नवरा मिळायला पुण्य लागतं. कस्तुराबाईलाही तसंच वाटायला लागलं होतं. मारलेलं तिनं माफ केलं होतं, आणि मनापासून केलं होतं.

परत येताना गाडीत अर्पिता रडत होती. कस्तुराबाईनं तिला एवढंच सांगितलं, “घरी काय बोलू नको. माझं म्या बघते.”

बब्रुवान फाट्यावर उभा होता. अंगाला सोयाबीनच्या भुशाचा वास येत होता. त्यानं तिचा हात धरला.

“काय म्हणाले?”

“काय म्हणणार. हाय तसंच हाय म्हणाले.”

त्यानं श्वास सोडला. तो श्वास एरवी तिच्या ध्यानातही आला नसता.

“जपून. हितं चिखल हाय,” तो म्हणाला.

तिनं मुद्दामच पाऊल चुकवून टाकलं. चप्पल चिखलात रुतली. चिखल होता.

दुसऱ्या दिवशी तो शेतात गेल्यावर शेजारची अयोध्या ताक घेऊन आली. कस्तुराबाईनं तिला बसवून घेतलं.

“अयोध्या, आमची भिंत कसल्या रंगाची हाय गं?”

“का हो वैनी? निळी हाय की. आभाळी.”

“खरंच?”

“दोनदा दिला त्यांनी रंग. पहिला नीट बसला न्हाय म्हणून. तुमाला निळा आवडतो म्हणले.”

“आणि हे लुगडं?”

“मोरपंखी. का?”

“उगं.”

चार दिवस तिचं हेच चाललं. चिंच खरंच तोडली का? विहिरीवर नवा पंप बसवलाय का? देवळाच्या पायरीवर तिच्या सासूचं नाव कोरलंय, असं तो म्हणाला होता. ते आहे का? अयोध्या हसून एकेक सांगत होती. आहे. बसवलाय. तोडली. एकदा अयोध्या म्हणाली, “तुमचे केस लई पिकले हो वैनी,” आणि कस्तुराबाईच्या छातीत काहीतरी झर्रकन वर आलं. सापडलं! मग तिला आठवलं, नागपंचमीला वेणी घालताना तो म्हणालाच होता, कस्तुरे, पांढरे व्हायलेत.

एकसुद्धा खोटं सापडलं नाही. पाच-पन्नास सापडली असती तर बरं झालं असतं. एका दमात थुंकून मोकळं होता आलं असतं. त्यानं आठ वर्षांत तिला सगळं खरं सांगितलं होतं. एवढं एक सोडून.

पाचव्या दिवशी दुपारी तो अंगणात सुपानं बियाणं पाखडत होता. ती उंबऱ्यावर बसली होती.

“सोलापूरच्या डॉक्टरनं तुम्हाला काय सांगितलं होतं?”

सूप थांबलं. “कितीदा सांगू? नस—”

“अर्पितानं कागद वाचला.”

कोंबडी सुपातलं टिपत होती. त्यानं तिला हाकललं नाही. सुपावर चोचीची टकटक ऐकू येत होती.

“तू जाणार व्हतीस,” तो म्हणाला.

“व्हय.”

“डोळा राहिला असता तर गेली असतीस.”

“गेले असते.”

“म्या दारू सोडली. आठ वर्षांत बोट लावलं न्हाय तुला. काय कमी केलं सांग की. एक तरी गोष्ट सांग.”

“काय कमी न्हाय केलं.”

“मग?”

“कागद का ठेवला? जाळून टाकायचा.”

“जाळवला न्हाय.” त्याचा आवाज बसला होता. “महिना व्हता ना. रोज वाटायचं, आज सांगावं. सकाळी वाटायचं, सांजच्याला वाटायचं. मग महिना सरला. सरल्यावर काय सांगणार?”

“त्या महिन्यात म्या काय करत होते, आठवतंय तुम्हाला?”

तिनं उंबऱ्यावर हात फिरवला.

“ह्याच उंबऱ्यावर बसत होते. डाव्या डोळ्यानं सगळं बघून घेत होते. आता नजर जाणारच हाय म्हणून. दोऱ्याची रिळं बघत होते, आईचा फोटू बघत होते. तुमचं तोंडबी बघून घेतलं. तुम्ही समोर बसून बघू दिलंत.”

सूप जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग तो रडायला लागला. ह्या वेळी तिनं हात पुढं केला नाही.

बार्शीला अंध बायकांसाठी एक वसतिगृह होतं. खुर्च्या विणायला शिकवत, पांढरी काठी घेऊन चालायला शिकवत. अर्पितानं फोन करून जागा विचारली. दिवाळीनंतर या म्हणाले. गावात कळलं तेव्हा बायका दारात येऊन बोलून गेल्या. देवमाणसाला असं टाकून जाणं शोभतं का, असं अयोध्यासुद्धा म्हणाली. कस्तुराबाईनं कारण सांगितलं नाही. सगळ्यांसमोर सांगावं असं एकदा ओठापर्यंत आलं होतं. पण ती थांबली. तो सांगतो का, ते तिला बघायचं होतं. बब्रुवान बाजूलाच उभा होता. तो खाली बघत असणार, असं तिला वाटलं. तो काही बोलला नाही. बायका हळहळत गेल्या, त्याच्यासाठी.

जायच्या दिवशी तिला एसटीपर्यंत पोचवायलाही तोच होता. दुसरं कोण होतं? अर्पिता भूमच्या स्टँडवर ह्याच गाडीत चढणार होती. त्यानं पिशवी उचलली, वाटेनं एक शब्द बोलला नाही. गाडी आली तेव्हा मात्र त्याच्यानं राहवलं नाही.

“पायरी उंच हाय,” तो म्हणाला.

तिनं दांडी चाचपली, पाय टाकला आणि आपली आपण चढली. कंडक्टरनं दाराजवळची जागा दिली.

“मावशी, संगं कोण हाय?”

“कोण न्हाय. बार्शीचं एक द्या.”

शेजारी कुणीतरी बाई बसली होती. मेथीच्या जुड्यांचा वास येत होता. त्या बाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मग आत घेतलं.

“खाली एकजण उभे हायत, तुमच्याकडंच बघायलेत,” ती हळूच म्हणाली. “डोळं पुसायलेत बिचारे. मालक हायत का तुमचे?”

घंटी वाजली. गाडीला हिसका बसला.

“कुणास ठाऊक,” कस्तुराबाई म्हणाली. “मला काय दिसतंय.”